जाम बोल्ट आणि गोल झालेली डोकी: जुन्या गाडीखाली शिरण्याआधी

मे महिना सरत आला की जुनी गाडी बाळगणारे लोक पावसाआधीची कामं काढतात. ब्रेक उघडायचे असतात, सायलेन्सरचा सडलेला तुकडा बदलायचा असतो, मागचे शॉकअप टाकायचे असतात. काम दोन तासांचं असतं आणि अख्खा रविवार खातो एकच बोल्ट. वर पुढच्या वर्षी तोच बोल्ट परत तसाच अडतो. खाली जे लिहिलंय ते मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, जुनी बोलेरो, जीप अशा गाड्या डोळ्यापुढं ठेवून. नव्या गाडीवाल्यांनी वाचलं तरी चालेल, त्यांची पाळी यायचीय.

आपल्या सांगली-साताऱ्याच्या भागात गंजाची कारणं जरा वेगळी आहेत. समुद्र इथून लांब, त्यामुळं रत्नागिरीच्या गाडीसारखा पत्रा खात नाही. पण सांगलीत पूर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा आली. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांची इंजिनं उघडली, सीटा वाळवल्या, गाड्या चालू झाल्या. खालच्या बोल्टकडं कुणी बघितलं नाही. त्या आट्यांत शिरलेला गाळ आजही तिथंच आहे आणि प्रत्येक पावसात ओल धरतो. नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या चिखलाचंही तेच. साताऱ्याकडं मेढा, पाटण, पाचगणी, महाबळेश्वर या बाजूला फिरणारी गाडी जूनपासून सप्टेंबरपर्यंत खालून वाळतच नाही. आणि तिसरं कारण आपण घरात तयार करतो: रेडिएटरला कूलंटऐवजी बोअरचं पाणी.

बोल्ट धरलाय कुठं?

पाना लावायच्या आधी एवढं एक ठरवायचं. तेल, आग, हातोडा, वेल्डिंग यातलं काय कामाचं आणि काय फुकट, ते सगळं यावरच आहे. धरायला तीन जागा असतात: डोक्याखाली, जिथं वायसर बसतो; आट्यांत; आणि बोल्ट एखाद्या बुशमधून (जोडावरच्या रबरी गादीतून) आरपार जात असेल तर बुशच्या आतल्या लोखंडी नळीत.

बोल्ट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घासण्यात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांत जातो, आणि दोन भाग ओढून धरायला उरतो तो दहाएक टक्के. सोडवतानाही हिशेब तोच, वर गंजाची भर. गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. म्हणजे आट्यांतली जी बारीक फट तुम्ही तेलासाठी धरून चालता, ती आतून कधीच भरलेली असते.

ओळखायचं असं. बोल्ट जरा फिरतो आणि सोडला की परत जागेवर येतो, सोबत रबर पिळलेलं दिसतं, तर तो बुशच्या नळीला चिकटलाय. जागचा हलतच नाही, तर आटे किंवा डोकं. फिरताना सुरुवातीला हलका आणि मग जड जड होत गेला, तर बाहेर आलेल्या आट्यांवरचा गंज आत ओढला जातोय. आणि आट्यांवर निळा किंवा लाल गोंद दिसला तर तो गंजच नाही, थ्रेड लॉकर आहे. लाल असेल तर तेलानं काही होत नाही, अडीचशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं.

पान्याचं माप

डोकी गोल होतात ती गंजामुळं कमी आणि पान्यामुळं जास्त. आपल्याकडच्या डबल पान्याला एका टोकाला १२ आणि दुसऱ्याला १३ असतं. मारुतीत ८ एमएम आट्याच्या बोल्टचं डोकं १२ चं, कारण जपानी माप. तोच ८ एमएमचा बोल्ट बाजारातून आणला की डोकं १३ चं मिळतं. मधे कुणीतरी एक बोल्ट बदललेला असतो, शेजारचा मूळचा असतो, आणि गाडीखाली पडून हाताला लागेल त्या टोकानं काम चालू. १३ चं टोक १२ वर बसतं, फिरतंय असंही वाटतं, आणि सहा कोपरे जातात. १० एमएम आट्याचंही तसंच: जपानी गाडीत १४, बाजारात १६ किंवा १७.

जीप आणि अँबेसिडरवाल्यांना आणखी एक डोकेदुखी, इंची माप. अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम. १३ चा पाना बसतो, पण ०.३ एमएम ढिला. ९/१६ म्हणजे १४.२९, त्यावर १४ बसत नाही म्हणून लोक १५ लावतात आणि डोक्याची वाट लावतात. इंची पान्यांचा एक सेट घेऊन ठेवा, जुन्या बाजारात वजनावर मिळतात ते पुष्कळदा नव्यापेक्षा बरे असतात. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, हेही बघून घ्या. पाइप लावून दोघं लोंबकळतात आणि नट उलट आवळत असतो.

रिंग पाना बहुतेक बाराकोनी असतो, तो कोपऱ्याला धरतो. जाम बोल्टला सहाकोनी गोटी, म्हणजे सॉकेट, लागते, ती सपाट बाजूला धरते. आणि गोटी बसवायच्या आधी वायर ब्रशनं डोकं घासायचं. डोक्याच्या बुडाशी साचलेला मातीचा थर गोटीला पूर्ण खाली जाऊ देत नाही. अर्ध्यावर बसलेली गोटी वरचेच कोपरे खाते. बसवून वर हातोड्यानं एक ठोका द्या, मग रॅचेट नको, सरळ टॉमी, म्हणजे गोटी फिरवायचा साधा दांडा, लावा.

तेल, रात्र, हातोडा

उद्या काम करायचं असेल तर आज संध्याकाळी तेल मारायचं. घासून मारायचं, आणि आट्यांच्या ज्या टोकाला उघडी जागा आहे तिथं मारायचं. बहुतेक जण डोक्यावर फवारतात. डोक्याखाली वायसर घट्ट दाबलेला आहे, तिथून आट्यांपर्यंत तेल पोचायला वाटच नाही. पलीकडून नट किंवा आट्यांचं शेपूट दिसत असेल तर खरी जागा ती.

तेल कुठलं यावर लोक भांडतात. निळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनलं, १९५३ साली. हलक्या गंजाला पुरतं. जाम बोल्टला पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून जे वेगळं मिळतं ते घ्या. घरगुती मिश्रण म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं. चांगलं शिरतं, पण दोन्ही वेगळे होतात, दर वेळी हलवून वापरावं लागतं. ॲसिटोन रंग आणि रबर खातं आणि पेट्रोलसारखं भडकतं. यातलं काही मारलं असेल त्या जागी नंतर आग लावायची नाही, आधी पुसून वाळू द्यायचं. डिझेल किंवा रॉकेल चालतं, फक्त हळू.

तेल मारल्यावर हातोडा. डोक्यावर सरळ, बोल्टच्या लांबीच्या दिशेनं, मध्यम हातोड्यानं आठ-दहा खणखणीत ठोके. डोक्याखालची ती निम्मी पकड यानं तुटते आणि आट्यांतल्या गंजाला तडे जाऊन तेलाला वाट होते. ठोके देताना आवाज ऐका. सुरुवातीला बद्द येतो, मग मोकळा होतो. ॲल्युमिनियमच्या भागात बसलेल्या बोल्टवर मात्र हात आवरा, कास्टिंगचा कान उडतो.

मग पाना लावायचा आणि आधी आवळायचा. किंचित, केसभर. आवळायच्या दिशेला आटे स्वच्छ असण्याची शक्यता जास्त, तिथं बोल्ट हलला की गंजाची पकड मोडली. मग उलट, परत सुलट. पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेलाचा थेंब, परत. सुटला म्हणून एका दमात बाहेर ओढायचा नाही. मधल्या आट्यांत गंजाची पूड जमते आणि बोल्ट अर्ध्यावर दुसऱ्यांदा जाम होतो. हा दुसरा जाम पहिल्यापेक्षा वाईट असतो.

किती जोर?

पाइप लावायच्या आधी थोडा हिशेब करा. फूटभर लांबीच्या पान्यावर २० किलोचा जोर म्हणजे साधारण ६० न्यूटन-मीटर. डोक्यावर ८.८ (ताकदीचा आकडा) लिहिलेला ६ एमएमचा बोल्ट बसवताना १० च्या आसपास आवळतात, ८ एमएमचा २५, १० एमएमचा ५०, १२ एमएमचा ८५. म्हणजे ८ एमएमच्या बोल्टला फूटभर पान्यानंच जपून हात लावायचा, पाइपचं नावच काढायचं नाही. पाइप चालतो १२ एमएम आणि त्याच्या वरच्यांना. बॅटरीवरच्या इम्पॅक्ट गनचंही तसंच: मोठ्या नटांना फार छान, कारण ती ठोके देत फिरवते, पण १० नंबरच्या डोक्याला लावली की हातात डोकं येतं.

तुटणारा बोल्ट आधी सांगतो. कुपवाडच्या एका मिस्त्रींकडं हे बघायला मिळालं. त्यांच्या हाताखालचा पोरगा मॅनिफोल्डच्या बोल्टवर होता, म्हणाला, "सुटला बघा मिस्त्री, फिरतोय." मिस्त्री पलीकडून म्हणाले, "आवाज आला का?" "न्हाई." "मग थांब की. सुटला न्हाई त्यो, पिळ खातोय." सुटणारा बोल्ट 'टक्क' करतो किंवा करकरतो, आणि त्यानंतर हाताला जोर कमी लागतो. तुटणारा मुकाट फिरतो, हाताला लागणारा जोर तेवढाच राहतो, ओल्या उसाला पीळ दिल्यासारखा तो नुसता वळत जातो. असं वाटलं की तिथंच हात थांबवायचा, केसभर परत आवळायचा आणि पाना बाजूला ठेवायचा. आता पाळी आगीची.

आणि हे सगळं गाडी जॅकवर ठेवून करायचं नाही. लांब टॉमीवर अंग टाकलं की गाडी हलते. स्टँड लावा, विटा नकोत.

आग

तापवण्याचा हेतू बोल्ट मऊ करणं नाही. १० एमएमचा बोल्ट तीनशे अंशांपर्यंत तापला तर तो मिलीमीटरच्या तीन-चार शतांश भागाएवढाच फुगतो. एवढीशी हालचाल गंजाचा सांधा फोडायला पुरते. म्हणून एकदा तापवून गार होऊ देणं, परत तापवणं हे सतत लाल ठेवण्यापेक्षा जास्त काम करतं. ज्योत नटावर किंवा भोवतीच्या भागावर धरा म्हणजे बाहेरचं आधी फुगेल. गरम असताना आट्यांच्या तोंडाला साध्या मेणबत्तीचं टोक टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं आणि तेलासारखं उडून जात नाही. ही युक्ती एक्झॉस्टच्या नटांना फार लागू पडते.

थर्मोस्टॅट हाउसिंग, वॉटर पंप असे ॲल्युमिनियममध्ये बसलेले लोखंडी बोल्ट असतील तर टॉर्चही लागत नाही. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. किटलीभर उकळतं पाणी हाउसिंगवर दोन-तीनदा ओतून बघा. बोअरच्या पाण्यानं तिथं पांढरी भुकटी जमलेली असते, ती दोन धातूंच्या झगड्यातून आलेली. तिला तेल फारसं भीक घालत नाही, ठोके आणि उष्णता दोन्ही लागतात.

कुठं आग नेऊ नये: पेट्रोलची टाकी आणि पाइप, ब्रेकचे रबरी होज, बॉल जॉइंटचे बूट, शॉकअपची बॉडी. एलपीजी किंवा सीएनजी किट बसवलेल्या ओम्नीखाली टॉर्च पेटवायचीच नाही, ग्राइंडरही नको. त्या गाडीचं काम गॅस बंद करून, टाकी उतरवून, ज्याला कळतं त्याच्याकडून. एरवीही शेजारी पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं ठेवा. झिंक चढवलेला चकचकीत बोल्ट तापवला की पांढरा धूर येतो, तो नाकात घेऊ नका.

डोकं गोल झालंच असेल तर

क्रम महत्त्वाचा, कारण प्रत्येक उपाय थोडं थोडं लोखंड खातो.

आधी खालच्या मापाची गोटी ठोकून बसवायची. इथं इंची गोट्या कामाला येतात: १२ चं डोकं झिजलं तर ७/१६, म्हणजे ११.१ एमएम, १३ ला अर्धा इंच, १७ ला ५/८, म्हणजे १५.९. गोटी स्वस्तातली, सहाकोनी घ्या, कारण ती पणाला लावायची असते. निघाल्यावर बोल्ट गोटीत अडकून बसतो, मागून पंचनं काढावा लागतो.

जागा उघडी असेल तर कानशीनं डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करा, १४ चं १२ होईपर्यंत, आणि त्यावर फिक्स पाना. वेळ लागतो पण हा उपाय मला सगळ्यात आवडतो, काही बिघडत नाही यात. ग्रिप पकड लावायची तर दात ताजे असलेली, आणि एकदाच, कचकून. घसरत घसरत दहा वेळा लावली की डोक्याचं लिंबू होतं आणि पुढच्या उपायाला काही उरत नाही. मोठ्या बोल्टला पाइप पाना चालतो. छन्नी डोक्याच्या कडेला तिरकी धरून सुटायच्या दिशेला ठोकणं हा जुना गावठी उपाय, ऑइलच्या ड्रेन बोल्टला अजून चालतो, कारण तिथं आग नेता येत नाही.

हे सगळं फसलं की नट वेल्ड करणं. गोल डोक्यावर एक मोठा नट ठेवायचा आणि आतून भरून घ्यायचा. अडीच एमएमचा रॉड, करंट बेताचा. यात दोन कामं एकदम होतात, नवं डोकं मिळतं आणि बोल्ट आतून तापतो. लाली गेली की हळूहळू मागे-पुढे करायचं, पहिल्या झटक्यात नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या) गाडीत ईसीएमचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, कनेक्टरही. अर्थिंगचा चिमटा त्या बोल्टच्या शेजारीच लावा, लांब लावला की करंट बेअरिंगमधून जातो. फॅब्रिकेशनवाला हे काम पाच मिनिटांत करतो, पण त्याला गाडीची सवय नसते. पेट्रोलचा पाइप कुठून जातो हे त्याला आपण दाखवायचं.

आणखी एक गोष्ट कमी लोक करतात: डोकं उडवून टाकणं. बोल्टनं दोन भाग धरले असतील आणि वरचा भाग निघणारा असेल, तर डोक्याच्या मध्यातून दांड्याच्या मापाचं बिट घालून डोकं वेगळं करा. डोकं गेलं की ताण गेला. वरचा भाग उचला, खाली बोल्टचं खुंट उभं दिसेल, आणि बऱ्याचदा ते ग्रिप पकडीनं सहज फिरतं. डोक्याखालच्या त्या निम्म्या पकडीचा हाच पुरावा.

आत तुटला

खुंट बाहेर असेल तर वर सांगितलंच: नट वेल्ड करा. सपाटीला किंवा आत तुटला असेल तर ड्रिल. तुटलेला पृष्ठभाग आधी सपाट करा, मध्याला पंच मारा. मध्य चुकला तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथं चष्मा लावा आणि घाई नको. ३ एमएमनं सरळ भोक, तेलाचे थेंब, कमी वेग. मग मोठं बिट. उलट्या पिळाचं बिट मिळालं तर तेच वापरा. ड्रिल मशीन उलटं फिरतं, आणि भोक पडता पडता तुकडा स्वतःच बाहेर येतो.

तुकड्यातल्या भोकात घालून उलट फिरवायचं हत्यार म्हणजे ईझी आउट, पण हे नाव फार फसवं आहे. निमुळता ईझी आउट आत जातो तसा तुकड्याला आतून फुगवतो, म्हणजे आट्यांवर आणखी दाबतो. गंजून धरलेल्या तुकड्यात तो मोडतो, आणि तो कडक पोलादाचा असल्यानं साधं बिट त्यावर चालत नाही. मग हेड किंवा नकल (चाक धरणारा भाग) उतरवून, स्पार्क मशीननं कडक लोखंड झिजवणाऱ्या टूलरूमकडं न्यायचं. ज्या बोल्टचं डोकं आवळून तुटलं, गंजामुळं नाही, त्यालाच ईझी आउट लावा.

नाहीतर पूर्ण ड्रिल करा. ८ एमएम, सव्वा पिचच्या (दोन आट्यांत सव्वा एमएम अंतर) आट्याला ६.८ चं बिट, ६ एमएमला ५ चं, १० एमएम सव्वा पिचला ८.८ चं. भोक मधोमध असेल तर आट्यांची वेटोळी सुईनं उचलून काढता येते, मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून साफ. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवा. एक माप मोठा बोल्ट ठोकणं हा शॉर्टकट ॲल्युमिनियमच्या हेडवर करू नका, भिंत पातळ असते.

नेहमीच्या जागा

शॉकअपचा खालचा बोल्ट, ओम्नीच्या मागच्या पाट्याची पिन, आर्मचे बोल्ट हे सगळे बुशच्या नळीत धरतात. इथं तेल फुकट, कारण नळी दोन्ही बाजूंनी ब्रॅकेटमध्ये चेपलेली. आग लावली तर रबर पेटतं. हा बोल्ट वाचवायचा हट्टच सोडा. नवा बोल्ट आणि नवा बुश आधी आणून ठेवा, मग ब्रॅकेट आणि बुश यांच्या फटीत हॅक्सॉ ब्लेड किंवा १ एमएमची कटिंग डिस्क घालून दोन्ही बाजूंनी कापा. ठोकून बाहेर काढायच्या नादात ब्रॅकेटचे कान वाकतात, ते सरळ करायचा खर्च बोल्टच्या कितीतरी पट. नवा बसवताना नळीच्या आत ग्रीस फिरवा, आणि शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी करून द्या, नाहीतर बुश कायम पिळलेला राहून लवकर फाटतो.

ब्रेकचा ब्लीडर निपल (हवा काढायचा स्क्रू) आतून पोकळ असतो, म्हणून दातकाडीसारखा मोडतो. त्याच्या भोकात बसेल असा ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा आत ठेवा, वरून हलके ठोके, मग सहाकोनी गोटी. केसभर आवळून मगच सोडा. मोडलाच तर ड्रमचा व्हील सिलिंडर सरळ नवा टाका, खटपट परवडत नाही. तापवलं तर आतली रबरं बदलावीच लागतात, आणि ब्रेक ऑइल पेट घेतं हे विसरू नका. वरची रबरी टोपी हरवलेली असते म्हणून पाणी आत जातं.

ब्रेक पाइपचा नट फिरताना पाइपही सोबत पिळला जात असेल तर थांबा. नट आट्यांत नाही, पाइपला चिकटलाय. फ्लेअर पान्यानं (पाइपवरून घालता यावा म्हणून चिरलेला रिंग पाना) मागे-पुढे करून बघा, नाही ऐकलं तर पाइप नटाजवळ कापा, त्यावर सहाकोनी गोटी बसेल, आणि पाइप नवा टाका. गंजलेला पाइप वाचवून काय मिळवणार?

सायलेन्सरच्या फ्लँजचे बोल्ट आरपार असतात, ते सोडवण्यात वेळ घालवूच नका, ग्राइंडरनं उडवा. मॅनिफोल्डच्या स्टडचं (बिनडोक्याच्या बोल्टचं) वेगळं: नट तापवा, मेण लावा, आणि नटासोबत स्टडच बाहेर आला तर तो नशिबाचा भाग. नुसता स्टड काढायचा तर दोन नट एकमेकांवर आवळून खालच्यावर पाना लावा. ड्रमच्या स्क्रूला ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर. ड्रम चिकटला असेल तर त्यात आट्यांची दोन भोकं आहेत का बघा, काही गाड्यांत असतात. त्यात दोन बोल्ट आळीपाळीनं आवळले की ड्रम स्वतः बाहेर येतो.

परत बसवताना

पुढच्या वर्षी तोच बोल्ट अडू नये असं वाटत असेल तर ही दहा मिनिटं वाचवू नका. भोकात टॅप फिरवा, नसेल तर जुन्या बोल्टला उभी चीर पाडून त्याचाच टॅप करा. नवा बोल्ट घ्या. डोक्यावर मूळच्याला जो आकडा होता तोच, ८.८ ला ८.८, १०.९ ला १०.९. सस्पेन्शन आणि ब्रेकमध्ये बिनआकड्याचा काळा बोल्ट घालू नका. स्टेनलेसचा मोहही आवरा. ॲल्युमिनियममध्ये तो झगडा वाढवतो, आणि स्टेनलेस नट-बोल्ट एकमेकांत रुतून जागीच बसतात.

आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनची पेस्ट) लावा, एक्झॉस्टला तांब्याचं, बाकी ठिकाणी साधं ग्रीसही चालतं. फक्त तेलकट आटे कमी जोरात जास्त ताणतात, म्हणून आवळ वीसेक टक्क्यांनी कमी ठेवा. बाहेर राहिलेल्या आट्यांच्या शेपटावर ग्रीसचा गोळा लावून द्या, गंज तिथूनच शिरतो. पुरात बुडालेली गाडी असेल तर खालचे मोठे बोल्ट एकेक करून सोडा, धुवा, ग्रीस लावून परत बसवा, आणि हे पहिल्या काही आठवड्यांतच करा. सीटचे आणि सीट बेल्टचे बोल्टही त्यात धरा. बेल्टच्या बोल्टचे आटे बऱ्याच गाड्यांत इंची असतात, हाताशी आला तो एमएमचा बोल्ट तिथं कोंबायचा नाही.

बॅटरीच्या टर्मिनलवरची हिरवी-पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली की १० नंबरचा नट आपोआप ऐकतो, वर व्हॅसलीन.

राहिले चाकांचे नट. त्यांच्या निमुळत्या बैठकीला ग्रीस लावायचं नाही, कोरडेच आवळायचे. तिथं गंजापेक्षा हवेवरची गन जास्त नडते. हायवेवरचा पंक्चरवाला ती दाबून धरतो, थांबत नाही. म्हणून चाक बाहेर कुठं काढून लावलं असेल तर घरी आल्यावर सगळे नट एकदा सोडा आणि हातपान्यानं, समोरासमोरचे आळीपाळीनं, परत आवळा. रात्री पेठ नाक्याच्या अलीकडं चाक बसलं तर डिकीत असतो तो वीतभर पाना, आणि त्यानं ते सुटले पाहिजेत.